कॅन्सरची गोळी घरी चालू असते तेव्हा फार्मासिस्ट काय करू शकतो

उमरेडहून एका ताईंनी विचारलंय : "वडील ६३ वर्षांचे. फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी जेफिटिनिब २५० ची रोज एक गोळी सुरू होऊन आज बारावा दिवस. चेहऱ्यावर, छातीवर पुरळ आलंय, दिवसातून पाचेक वेळा पातळ शौचाला होतंय. डॉक्टरांची पुढची तारीख अठरा दिवसांनी आहे. आत्या म्हणते, अंगात उष्णता वाढली, चार दिवस गोळी बंद ठेवा. कोणीतरी सांगितलं म्हणून संत्रीही बंद केली आहेत. नागपुरात ज्या मेडिकलमधून डबी आणली त्यांनी पैसे घेतले, डबी दिली, एवढंच. फार्मासिस्टचा यात काही उपयोग असतो का?"

ताई, असतो. एकवीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी मेडिकल चौकातल्या एका दुकानात होतो, नंतर एका कॅन्सर रुग्णालयाच्या ओपीडी फार्मसीत आलो. तुम्हाला डबी देऊन मोकळं केलं, याचं मला वाईट वाटलं.

आधी तातडीचं. बाबांना १००.४ च्या वर ताप आहे का? शौचातून रक्त, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी अगदी कमी किंवा गडद? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पूर्वी नव्हता असा कोरडा खोकला किंवा चार पावलांत दम लागणं सुरू झालंय का? यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच रुग्णालय गाठा. या गटातल्या औषधांनी क्वचित फुफ्फुसाला सूज येते. कॅन्सरमुळेच खोकला आहे असं समजून घरचे थांबतात आणि त्यात दिवस वाया जातात. दम लागत असेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलायचंच. यावर दुकानातून कुठलंही कफ सिरप न्यायचं नाही, आणि मागितलं तरी फार्मासिस्टने द्यायचं नाही.

यातलं काही नसेल, तर जे चाललंय ते या गोळीचं ओळखीचं वागणं आहे. बाबांच्या कॅन्सरच्या पेशी ज्या खटक्यावर वाढतात त्याला ईजीएफआर म्हणतात. जेफिटिनिब तो खटका दाबून धरते. पण तोच खटका आपल्या कातडीच्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशींवरही असतो, म्हणून पुरळ आणि जुलाब. अंगातल्या उष्णतेशी याचा संबंध नाही. आत्यांना हे नीट समजावून सांगा, त्यांचा जीव तुटतोय म्हणूनच त्या बोलताहेत. पुरळ बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच उठतं. तारुण्यपीटिकांसारखं दिसतं, त्यात पू दिसतो, पण ते मुरूम नव्हे आणि दुसऱ्याला लागतही नाही.

लागत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय. ब्रह्मपुरीकडचे एक शेतकरी काका होते, औषध हेच. चोविसाव्या दिवशी त्यांचा मुलगा दुसऱ्याच कामाने आला आणि सहज म्हणून मी डबी मागितली. तीस गोळ्यांच्या डबीत सहा उरायला हव्या होत्या. काउंटरवर कागद पसरून ओतल्या तर तेरा निघाल्या. काकांना फोन लावला, काहून बंद केली जी, म्हणून विचारलं. म्हणाले, "तोंडावर माता आल्यावानी झालं ना बाप्पा. नातू बी जवळ येऊन नाही राहिला. मंग मीच अंगणातल्या खोलीत जाऊन झोपलो." घरात कोणीतरी कॉलेजातल्या मुलाची मुरुमांची ट्यूब लावून दिली होती. तिने कातडी आणखी सोलली, मग काकांनी गोळीच सोडली. सात दिवस औषध नाही, आणि हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्यांनी पुढच्या भेटीत एक्स-रे पाहून औषध लागू पडत नाही असं ठरवलं असतं, तर त्यात त्यांची काय चूक?

तेव्हापासून मी दर डबीच्या वेळी जुनी डबी मागतो आणि गोळ्या मोजतो. लोकांना आधी वाटतं मी संशय घेतोय. मी सांगतो, उरलेली गोळी मला असं काही सांगते जे तुम्ही संकोचाने सांगत नाही.

पुरळाचं काय करायचं ते आता सांगतो. आंघोळ कोमट पाण्याने, सौम्य साबणाने. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच वास नसलेलं, अल्कोहोल नसलेलं मॉइश्चरायझर लावायचं, दिवसातून दोनदा. उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन आणि डोक्यावरून दुपट्टा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपात तर सकाळी दहाचं ऊनही या कातडीला सोसत नाही. मुरुमांच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या ट्यूब लावायच्या नाहीत. त्याहून वाईट म्हणजे गजकर्णासाठी घरोघरी असणारी ती ट्यूब, ज्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध सगळं एकत्र असतं. ती चेहऱ्यावर अजिबात नको. डॉक्टर बहुधा १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम आणि डॉक्सिसायक्लिनसारखं अँटिबायोटिक काही आठवडे देतात. हे अँटिबायोटिक जंतू मारण्यापेक्षा सूज शमवण्यासाठी असतं, म्हणून पुरळ उतरलं तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायचं. डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला चट्टा पडतो. शिवाय या औषधाने ऊन आणखी बाधतं, ही गोष्ट चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही.

पुरळ आलं म्हणजे औषध काम करतंय, असं तुम्ही कुठेतरी ऐकाल. अभ्यासांमध्ये तसा संबंध दिसला आहे खरा, पण पुरळ न आलेल्यांनाही औषध लागू पडतं. त्यावरून बाबांना ना धीर द्यायचा, ना घाबरवायचं. दीड-दोन महिन्यांनी नखांच्या कडा सुजू शकतात, तेव्हा नखं सरळ कापा, पायात सैल चप्पल ठेवा, आणि पू दिसला तर दाखवा.

आता जुलाब. बाबांना रोज एकदा होत असेल आणि आता पाचदा होत असेल, तर चार जास्त झाले. आम्ही मोजणी अशीच करतो, नेहमीपेक्षा किती जास्त. चार ते सहा जास्त म्हणजे डॉक्टरांच्या कानावर आजच घालायचं. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे थांबायचंच नाही. ताप आणि रक्त नसेल तर डॉक्टर साधारणपणे लोपरामाइड सांगतात : पहिल्यांदा दोन गोळ्या म्हणजे ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि २४ तासांत आठ गोळ्यांच्या वर नाही. डॉक्टरांना फोन करून त्यांचा होकार घेतला की ही गोळी घरात ठेवा, उमरेडला रात्री अकरा वाजता शोधत फिरू नका.

ओआरएसबद्दल मी प्रत्येकाला एकच विचारतो, कसं करता ते दाखवा. दहातले बरेच जण पुडी फोडून चमचाभर पावडर पेल्यात टाकतात आणि उरलेली घडी घालून ठेवतात. तसं नाही. पूर्ण पुडी एकदम, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, म्हणजे मोठी पुडी असेल तर एक लिटरमध्ये. चोवीस तासांत संपवायची, उरली तर फेकायची. कूलरसमोर बसलेल्या माणसालाही या उन्हाळ्यात घाम जातच असतो, त्यात जुलाब झाले की मूत्रपिंडावर ताण यायला वेळ लागत नाही. दूध काही दिवस बंद, पातळ ताक चालेल, मऊ भात, केळं. सावजीचा रस्सा बाबांच्या कितीही आवडीचा असला तरी आत्ता नको.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी हमखास विचारेन : बाबा सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात का? आपल्याकडे पॅन्टोप्राझोल लोक चहाच्या आधी रोज घेतात आणि तिला औषध म्हणून मोजतही नाहीत. चिठ्ठीवर नसते, तोंडी सांगत नाहीत, कारण "ती तर नेहमीचीच." जेफिटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं. आम्ल दाबलं की गोळी अंगात कमी शिरते. याच गटातल्या एर्लोटिनिबचं तर ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीबरोबर जवळजवळ निम्मं प्रमाण वाया जातं, ब्लड कॅन्सरच्या दसॅटिनिबचंही असंच होतं. ॲसिडिटीची गोळी टाळता येत असेल तर टाळावी. टाळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून तिच्यात आणि जेफिटिनिबमध्ये बारा तासांचं अंतर ठेवतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्याच ओसिमर्टिनिबला ही अडचण येत नाही. म्हणजे एकाच आजारावरच्या दोन गोळ्या, पण नियम वेगळे, आणि म्हणूनच शेजारच्याच्या वडिलांना चाललं ते तुमच्या वडिलांना चालेल असं नाही.

दोन औषधांच्या अशा टकरी शोधणं हे माझ्या कामातलं सगळ्यात मोलाचं काम आहे असं मी मानतो. आपल्या भागात काही टकरी पुन्हापुन्हा सापडतात. फुफ्फुसावरचा डाग आधी टीबी समजून औषधं सुरू झालेली असतात आणि त्यातलं रिफाम्पिसिन अजून चालूच असतं. ते यकृताला इतकं कामाला लावतं की कॅन्सरची गोळी रक्तात टिकतच नाही. मेंदूत गाठ पोचून फिट आल्यावर दिलेलं फेनिटॉइनही तेच करतं. त्याऐवजी लेव्हेटिरासेटाम चालतं, पण बदल न्यूरोच्या डॉक्टरांनीच करायचा. उलट बाजूने, गजकर्णासाठी महिना-महिना घेतलेलं इट्राकोनाझोल यातल्या बऱ्याच गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. विडी ओढणाऱ्याच्या अंगात एर्लोटिनिबचं प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली घसरतं. आणि गुळवेल, काढे, कुठल्यातरी बुवाची पुडी. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं कोविडच्या काळात डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत, आणि या गोळ्यांपैकी कितीतरी स्वतःच यकृताला जड असतात. मी काढा घेणाऱ्यावर रागावत नाही. रागावलो तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही.

एक माझी चूकही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरच्या एका मावशींना लॅपॅटिनिब आणि कॅपेसिटाबिन एकत्र सुरू झालं. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायचं असतं. लॅपॅटिनिबच्या पाच गोळ्या मात्र रिकाम्या पोटी, खाण्याच्या किमान एक तास आधी किंवा एक तास नंतर, कारण अन्नाबरोबर घेतल्या की रक्तातलं प्रमाण तिप्पट-चौपट होऊ शकतं. गर्दीची वेळ होती. दोन्ही पाकिटांवर माझ्याच हाताने "नाश्त्यानंतर" लिहून गेलं. नवव्या दिवशी मावशी जुलाबांनी पार गळून भरती झाल्या. त्या बऱ्या झाल्या, घरी गेल्या, पण त्यांच्या उशाशी ठेवलेलं ते पाकीट आणि त्यावरचं माझं अक्षर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून मी पाकिटावर "नाश्त्यानंतर" असा शब्द लिहीत नाही. घड्याळाचं चित्र काढतो : सात वाजता ही, आठला खाणं, सव्वाआठला ती. मग रुग्णाकडून माझ्यासमोर परत वदवून घेतो. दोन मिनिटं लागतात.

बाकीच्या गोळ्यांचं थोडक्यात सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तर उपयोगी पडेल. ब्लड कॅन्सरची इमॅटिनिब भरल्या पोटी, मोठ्या पेल्यात पाणी घेऊन. सकाळी पापण्या सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, घाबरायचं कारण नसतं पण सांगायचं. त्याच आजाराची निलोटिनिब मात्र कडक रिकाम्या पोटी. आणि तिच्यासोबत उलटीसाठी डॉम्पेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन, घशासाठी ॲझिथ्रोमायसिन असं परस्पर काही नको, हृदयाची लय बिघडू शकते. सोराफेनिब, रेगोराफेनिबने तळहात-तळपाय दुखरे होतात, जिथे दाब पडतो तिथे घट्टे येतात. अनवाणी शेतात चालणाऱ्या माणसाच्या टाचा आधीच फाटलेल्या असतात, म्हणून गोळी सुरू होण्याआधीच १० टक्के युरियाचं क्रीम, मऊ चप्पल, सुती मोजे सुरू करायचे. याच गटातल्या गोळ्यांनी, तसंच सुनिटिनिब, पाझोपॅनिब, लेनवाटिनिबने बीपी चढतं आणि ते जाणवत नाही. आमच्या काउंटरवर यंत्र ठेवलंय, पहिले काही आठवडे दर आठवड्याला येऊन बीपी मोजून जा असं मी सांगतो. स्तनाच्या कॅन्सरची पाल्बोसिक्लिब एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी. सुट्टीचे दिवस कॅलेंडरवर पेनाने खोडून देतो. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून तिथे तापाला पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नसते.

खर्‍याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, ज्यांचं तोंड उघडत नाही असे रुग्ण आपल्याकडे फार. घरचे गोळी कुटून देतात. कुटू नका. जेफिटिनिब आणि ओसिमर्टिनिब साध्या पाण्यात विरघळवून देता येते, सगळ्या गोळ्यांना ते चालत नाही. कुठलीला चालतं ते आधी विचारा. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना हात लावू नये. आणि डबी मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवून नागपूर ते उमरेड नेऊ नका, मे महिन्यात तिथे काय तापतं ते हात लावून बघा. डबीवर लिहिलेल्या तापमानात, घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत ठेवा.

पैशांबद्दल लोक शेवटी, उठता उठता बोलतात. एका काकूंनी दिवसाआड गोळी देऊन डबी दोन महिने पुरवली होती, नवऱ्यालाही न सांगता. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने कॅन्सरच्या ४२ औषधांवरच्या विक्रीच्या नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, जेनेरिकही आहेत, आणि एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या किमतीत पुष्कळ फरक असतो. त्यामुळे परवडत नाही हे फार्मासिस्टला स्पष्ट सांगा. डॉक्टरांना विचारून स्वस्त पर्याय बघता येतो. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दिवसाआड गोळी देणं मात्र आत्यांच्या "चार दिवस बंद"सारखंच आहे.

बंद करण्याचा निर्णय कधीच घ्यायचा नसतो असं नाही. डॉक्टर स्वतः काही दिवस गोळी थांबवतात, कधी पुढे डोस उतरवतात, जसं याच गटातली अफॅटिनिब ४० मिलिग्रॅमवरून ३० वर आणतात. ती माघार समजू नका, औषध दीर्घकाळ सोसवावं म्हणूनच ते करतात. पण तो निर्णय त्यांचा. मी डोस बदलत नाही, थांबवत नाही. मी फोन करतो, आणि फोनवर काय बोलायचं ते ठरलेलं असतं : कुठलं औषध, कितवा दिवस, त्रास कधीपासून, नेहमीपेक्षा किती जास्त, ताप आहे का, पाणी पोटात राहतंय का, आणखी काय काय घेतात. एवढं एका दमात सांगितलं की गर्दीच्या ओपीडीतला डॉक्टरही एका मिनिटात उत्तर देतो. "बाबांना बरं नाही" म्हटलं तर "घेऊन या" एवढंच सांगू शकतो. हीच माहिती आज कागदावर लिहून तुम्ही स्वतः फोन करा.

फार्मासिस्ट कसा गाठायचा? दुकानात काउंटरवर उभा असलेला प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट कोण, त्यांच्याशी बोलायचंय, असं सरळ म्हणा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे औषधाविषयी समजावून सांगणं हे त्याचं कामच आहे, तो उपकार करत नाही. ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथल्या फार्मसीत गेलात तर जास्त चांगलं, तिथे या गोळ्या रोज हाताखालून जातात. जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या. सगळी म्हणजे ॲसिडिटीची, झोपेची, काढ्याची बाटली, ट्यूब, सगळी. आणि त्रास नोंदवायला सांगा. देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाच्या घरचेही कळवू शकतात.

राहिली संत्री. ज्या फळाची भीती आहे ते ग्रेपफ्रूट आणि आपल्याकडचं पपनस. त्यांच्यातला एक घटक आतड्यात औषध मोडणाऱ्या यंत्रणेला अडवतो आणि काही गोळ्यांचं प्रमाण वाढतं. "आंबट फळं टाळा" असं कोणीतरी ऐकतं आणि नागपुरी संत्र्यावर गदा येते. आपल्या संत्र्याचा या यंत्रणेला तसा अडथळा होत नाही. जुलाब थांबेपर्यंत संत्री बाजूलाच राहू द्या, आणि तोंडात फोड असतील तरी चार दिवस नकोत, कारण तिथे झोंबतं. मग एक सोलून द्या त्यांना.